दूध सोडून काहीही बोल

प्रिय पोरा,

व्यापार कराराच्या बोलण्यांतला तुझा फोटो पेपरात आला. लांबलचक टेबल, एका बाजूला आपले, समोर त्या दहा-बारा देशांच्या गटाची माणसं, आणि कोपऱ्यात तू, पोट दुखत असल्यासारखा. शेजारची तोफ म्हणाली, अगं, हा सोयरीक जुळवायला बसलाय की मोडायला? मी म्हटलं, एकट्या पोरीचं लग्न अख्ख्या भावकीशी लावायचं म्हटल्यावर तोंड असंच होणार.

तोफ म्हणजे तुझी काकूच. तिच्यासमोर म्हणू नकोस, मला मारेल. तुझे बाबा गेल्यापासून माझा सकाळचा चहा तिच्याच गोठ्यात. ती धार काढायची, मी तिला नावं ठेवायची. गाईंनाही सवय झाली होती. मी गप्प बसले तर पान्हा सोडत नाहीत, असं ती म्हणायची.

तुमची बोलणी सुरू झाली आणि माझा भाव वधारला. त्या गटाची दूध पावडर बिनजकातीची आली, तर इथल्या दुधाला कोण विचारतंय, ही सगळ्यांची धास्ती. डेअरीवरचा मापाडी आधी मान वर करत नव्हता, आता खुर्ची पुसून देतो. विचारतो, मावशी, लेक काय म्हणतोय? मी तोंड गंभीर करून सांगते, बोलले तर त्याची नोकरी जाईल. बिचाऱ्यांना वाटतं, म्हातारीच्या पोटात केवढी गुपितं! पोटात वारा. तू म्हणालास, आई, या कामाचं घरी बोलायचं नसतं. बरोबरच आहे. पण आधी कामाचं बोलणं बंद झालं, मग बोलणंच.

मागच्या आठवड्यात तोफ आली ती हळू आवाजात बोलत. तेव्हाच मी हातातलं काम खाली ठेवलं. गाईंना गिऱ्हाईक आलंय, लेक शहरात बोलावतेय. म्हणाली, तुझ्या पोराला एवढंच विचार, पावडर येणार का? नाही म्हणाला तर मी कुठं जात नाही बघ.

पोरा, एका शब्दाचं काम होतं. नाही म्हणतो, एवढंच म्हणायचं. जिभेवर आलं होतं रे. तिला शंभर थापा मारल्यात मी, ती साडी तुला शोभते म्हणून. पण उद्या पावडर आली असती, तर ती माझ्या शब्दावर बुडाली असती, आणि शब्दावर तुझं नाव. मग म्हटलं, बाई, तो मला काही सांगत नाही. फोनच करत नाही. ती म्हणाली, आणि हे तू मला आज सांगतेस? मी इतके दिवस लपवलं, गाईंपेक्षा तिला त्याचंच लागलं.

गाई गेल्या. काल तीही गेली. मांजर माझ्या गळ्यात मारून गेली, तेही बोलत नाही.

तर हे पत्र दुधाचं विचारायला नाही. करार करा, मोडा, तुमचं तुम्ही बघा. रविवारी फोन कर. काय जेवलास, खोलीत मोजे वाळतात का, समोरच्या बाजूचं कोण बसल्याबसल्या पेंगतं. एवढं तरी सरकारी गुपित नसेल ना? आणि काहीच सुचलं नाही तर नुसता कानाला धर. दोघांचं मी बोलेन.

तुझीच, काही न विचारणारी,
आई