पंचेचाळीस मिलिमीटर

६ ऑक्टोबर, रविवार

गाडी खाली काहून करायची? अण्णांनी जेवताना विचारलं. मी कारण सांगितलं, पण पटवता आलं नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

वैजूमामा पुण्यात ज्यांच्याकडे ड्रायव्हर होते ते साहेब कायमचे परदेशी गेले. जाताना आपली बावीस वर्षांची लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार मामांना देऊन गेले. मामांनी ती पुण्याहून नांदेडमार्गे थेट आमच्या दारात आणली. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं जागा. मी तिथल्या तिथे सांगितलं, हिला लोअरिंग स्प्रिंग्ज, म्हणजे गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंग्ज हव्यात. घरात मीच पहिली ग्रॅज्युएट, त्यातून मेकॅनिकल. मी नाही सांगणार तर कोण?

मी अण्णांना म्हणाले, गाडी खाली असली की वळणावर स्थिर राहते. अण्णा म्हणाले, "वळणावर समदे हळूच जातेत की."

७ ऑक्टोबर

रस्त्याकडच्या पत्र्याच्या शेडचा निकाल लागणार. मला तिथे सस्पेन्शन वर्कशॉप काढायचंय, माझ्या मोठ्या भावाला, बालाजीदादाला, फवारणीचे पंप दुरुस्त करायचेत. अण्णा म्हणाले, "पाडव्याला मामाच्या गाडीत आमाला हिंगोलीला ने अन् परत आन. गाडी धड आली तर शेड तुहं. न्हाई तर बाळूचं."

अट इतकी सोपी की दादाबद्दल वाईट वाटलं. दहावीनंतर त्याने पुस्तक उघडलेलं नाही. त्याला माझ्याकडे हेल्पर घेईन.

बोर्ड रंगवायला टाकला. सहा फुटी प्लायवूड. 'सृष्टी परफॉर्मन्स सस्पेन्शन'.

९ ऑक्टोबर, पहाटे ५

उद्यापासून रोज पाचला उठून एक तास अभ्यास. आज मोजत नाही, कारण आज डासांनी उठवलं.

तीन प्रकारच्या स्प्रिंग्ज मिळतात. गाडी पंचवीस मिलिमीटर खाली, पंचेचाळीस खाली, साठ खाली. पंचवीस म्हणजे भित्र्यांचं काम. साठ म्हणजे दिखाऊपणा. एक्सेल शीट केलं. गाडीचं पोट जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर. पंचेचाळीस मिलिमीटर गेले की साडेदहा. नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच. अर्धा सेंटिमीटर शिल्लक. विज्ञानात अर्धा सेंटिमीटर खूप असतो.

दादा म्हणाला, "रस्त्यावर जाऊन मोजून तरी पाह्य." त्याला समजावलं की जे नियमात लिहिलेलं आहे ते परत मोजणं म्हणजे नियमावर अविश्वास. तो पंप खोलत बसला.

पंचेचाळीसच्या मागवल्या.

१९ ऑक्टोबर

पाचला उठणं उद्यापासून नक्की.

पार्सल आलं. गावातले मेकॅनिक नासेरभाई घरी येऊन स्प्रिंग्ज बसवतायत. मी शीट घेऊन शेजारी उभी. त्यांना शीटची गरज वाटली नाही, तरी मी वाचून दाखवलं. मध्येच ते म्हणाले, "बेटा, गाडी तो उतर जाएगी. रस्ता थोडीच उतरेगा? वो हिंगोली की तरफ स्कूल के सामने का ब्रेकर देखे क्या तुम?"

मी सांगितलं, बघायचं काय त्यात? तो ब्रेकर माझ्याच निवेदनावरून झाला. दोन वर्षांपूर्वी, मी थर्ड इयरला असताना. नारळसुद्धा माझ्याच हस्ते फोडला होता. नासेरभाईंनी पाना खाली ठेवून मला सलाम ठोकला. आदराने असावं.

जुन्या स्प्रिंग्ज भंगारात द्यायला सांगितल्या. मागे वळून बघणाऱ्यातली मी नाही.

२० ऑक्टोबर

गाडी सुंदर दिसते. चाकावर आता एकच बोट जागा.

नांदेडच्या बाजूला अर्धा किलोमीटर टेस्ट घेतली. जनकाबाईंनी अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन पसरलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली मळून निघावं म्हणून. सगळ्या गाड्या त्यावरून जातात. आमची गेली, पण सोयाबीनसुद्धा सोबत घेऊन गेली. जनकाबाई मागून ओरडत आल्या, "अगं ए पोरी, गाडी हाय का खराटा हाय?"

गाडी मनासारखी खाली आल्याचा याहून चांगला पुरावा नाही. शीटमध्ये नोंद केली. मामा गाडीखाली आडवे होऊन अंधार पडेपर्यंत शेंगा काढत होते. समाधानी असावेत.

२४ ऑक्टोबर

बोर्ड आला. शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवला. दादाने वाचला आणि आपले पंप उचलून एका कोपऱ्यात सरकवले. तो म्हणाला, "चांगला हाय." मोठ्या मनाचा आहे. शिकला असता तर.

२ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी ९. निघतोय. मी चालवणार. मामा पुढे, अण्णा आणि आई मागे. मागच्या सीट नावापुरत्या आहेत. अण्णांचे गुडघे हनुवटीला लागलेत. चौघांचं वजन शीटमध्ये धरायचं राहिलंय. आल्यावर धरेन.

सकाळी ११. आलो. हिंगोलीहून नाही, शाळेपासून.

पुढची चाकं ब्रेकर ओलांडून गेली, मागची अलीकडे राहिली, मध्ये गाडी बसली. सायलेन्सर तुटून मागे पडला. आई म्हणाली, "माय गं, पोटावरच बसली की गाडी!" दारं दोनच, त्यामुळे मामा उतरेपर्यंत आई-अण्णांना निघता येईना. पाडव्याचे नवे कपडे घातलेला अख्खा गाव जमला. जनकाबाई पुढे होऊन म्हणाल्या, "काहून बाई, खराटा आडकला व्हय?"

दादा शेडमधून पळत बोर्ड घेऊन आला. आठ जणांनी गाडी उचलली, चाकाखाली बोर्ड सरकवला. गाडी माझ्या नावावरून मागे उतरली.

अण्णा गुडघे चोळत पायीच घराकडे निघाले. त्यांनी हसायला तरी हवं होतं.

४ नोव्हेंबर

ब्रेकर मोजला. चौदा सेंटिमीटर. चूक माझी नसून बांधकामाची आहे. ग्रामपंचायतीत नवीन निवेदन नेलं की उंची त्वरित कमी करावी. ग्रामसेवकांनी जुनी फाइल काढली आणि माझंच वाक्य मोठ्याने वाचलं. 'गतिरोधक इतका उंच असावा की कोणतीही बेदरकार गाडी त्यावरून सहीसलामत जाऊ नये.' खाली माझी सही, कंसात इंजिनिअरिंगचं वर्ष.

मग म्हणाले, "ताई, त्या वर्षी दोन लेकरं उडवली होती गाड्यांनी. ब्रेकर झाल्यापासून एकालाबी धक्का न्हाई. देऊ का ठराव कमी करायचा?"

निवेदन परत घेतलं.

६ नोव्हेंबर

जुन्या स्प्रिंग्ज दादाने भंगारात दिल्याच नव्हत्या. गोणपाटात बांधून ठेवल्या होत्या. म्हणाला, "लागतील म्हनलं." मी कधी लागतील असं विचारलं नाही. नासेरभाईंनी त्या बसवल्या, सायलेन्सरही जोडला. या वेळी मी शीट वाचलं नाही. मामा गाडी घेऊन पुण्याला गेले, नांदेडवरून.

संध्याकाळी शेडची किल्ली दादाला दिली. तो म्हणाला, एक कोपरा तुला ठेवतो. नको म्हणाले. मग पंपाचा एक पिस्टन पुसून दिला. तिथेच बसले होते, म्हणून.

बोर्ड घरी आणला. नावावर टायरची नक्षी. उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर लाल रंगाने मोठं लिहिलं, 'पुढे गतिरोधक आहे. सावकाश.' आणि शाळेच्या अलीकडे रोवून आले. खड्डा मीच खणला. ब्रेकरपासून तीस पावलांवर.

पावलं मोजली, प्रत्यक्ष चालून.