चूक पायाची नव्हती

सोलापूर, ३ नोव्हेंबर २०२५

ती. आण्णांस,
दिपालीचा शि. सा. न.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आई आणि मी सुखरूप आहोत, हे आधी. मोडनिंबहून येताना मोहोळच्या अलीकडे मेंढरं आडवी आली. ब्रेक दाबला तर पेडल पार खाली गेलं. हँडब्रेक ओढला, तेव्हा मेंढरांपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. तिथून टोचन करून सोलापूरच्या वर्कशॉपला आणली. काल बाजारात जायला आईनं रिक्षा बोलावली, आणि गाडी परत आली तरी रिक्षाच, म्हणाली.

गाडी दोन महिन्यांची. वर्कशॉपमधले गुरुशांत नावाचे साहेब म्हणाले, ब्रेकचे पॅड झिजलेत, मॅडम ब्रेकवर पाय ठेवूनच चालवत असतील, आणि पॅड वॉरंटीत बसत नाहीत. जॉबकार्डावर लिहिलं, 'चालवण्याची चूक'. आण्णा, तुम्ही शिकवलंत तशीच चालवते मी. पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. लसीकरणाला गावोगाव जायला म्हणून गाडी घेतली, ती तिथंच ठेवून एसटीनं फिरतेय.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.
तुमची दिपाली

मोडनिंब, ७ नोव्हेंबर

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुज्या आईला इचार, रिक्षाचा ब्रेक तिनं तपासला व्हता का.

एसटीच्या डेपोत तीस वर्सं ब्रेकदुरुस्तीचंच काम केलं मी. पॅड झिजलं तर ब्रेक करकरतो, गाडी उशिरा थांबती. पेडल असं बसत न्हाय. त्या गुरुशांतलाच स्टेअरिंगवर बसीव. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, पेडल दाबून साठपतूर मोजू दे. पाय हळूहळू खाली गेला, तर पेडलचा जोर चाकापतूर नेनारा मास्टर सिलेंडर दाब धरत न्हाय. त्यो वॉरंटीत बसतो की. भांडू नगं, लेखी घे. दुरुस्त झाल्याबिगर गाडी रस्त्यावर काढू नगं.

आनि ऐक. मेंढरं समोर आली तवा तुजा हात हँडब्रेकवर गेला. गडबडलेल्या माणसाचा जात न्हाय. चूक पायाची नव्हती, पोरी.

खुशाली कळवत ऱ्हा.
तुजा आण्णा

सोलापूर, १५ नोव्हेंबर

ती. आण्णांस शि. सा. न.

तुमचं पत्र पर्समध्ये घालून गेले. न बोलावता आईही आली. गुरुशांत आधी हसले, मग बसून पेडल दाबून मोजू लागले. पंचवीसला त्यांचा आवाज थांबला. त्यांचाच पाय खाली गेला होता. उतरून त्यांनी चाक खोललं. पॅड जवळजवळ नवेच होते. आधी चाक न खोलताच लिहिलं होतं, हे त्यांनी कबूल केलं. सिलेंडर वॉरंटीत बदलून देतो म्हणाले.

मी म्हटलं, आधी ती ओळ खोडा. ते म्हणाले, गाडी दुरुस्त होतेच आहे, ओळीनं काय फरक पडतो. मला पडतो, म्हटलं. आई मागून म्हणाली की, माज्या पोरीनं एक कोकरू बी चिरडू दिलं न्हाय. त्यांनी ओळ खोडली, शेजारी सही केली आणि माझ्याकडे बघून माफी मागितली.

नवा सिलेंडर बसवून गाडी परवा मिळाली. काल ती घेऊन लसीकरणाला गेले. पहिल्या उताराला ब्रेक दोनदा दाबून पाहिला. पेडल घट्ट लागलं. पुढचे उतार कधी गेले, कळलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी गाडीनंच येतोय. आई मागच्या सीटवर बसायला तयार झालीय. पुढं यायला वेळ लागेल तिला. लागू दे.

आशीर्वाद असू द्यावेत.
तुमची दिपाली