मागून मारलेली हाक

बाबा, तुमचा नियम मी मोडला. चुकून नव्हे, चांगली शुद्धीवर असताना, भावजयीच्या डोळ्यांदेखत मोडला, आणि वेळ आली तर पुन्हा मोडणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता दटावायला कोण येतंय, म्हणून ही बहाद्दरी असं समजू नका. तुम्ही समोर असतात तरीही मोडला असता. फक्त आवाज जरा कापला असता.

नियम कुठून सुरू झाला ते तुम्हाला आठवत असेल. आपल्या घरात पहिला मोबाईल तुम्हीच आणलात, बटणांचा, आणि मागोमाग तसाच एक मला दिलात. 'आवशीला यातला काय कळायचा नाय, तू सांभाळ,' म्हणालात. मी इतकी हरखले होते की कधी एकदा कुणाला तरी फोन करते असं झालं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही होडीवर गेलात आणि भाकरीचं फडकं चुलीपाशीच राहिलं. मी टाकोटाक फोन लावला. थोड्या वेळानं बघते तर तुम्ही घाटी चढून वर येताय. भाकरीकडे बघतही नाही, पायरीवर बसता, पाणी मागता, सावकाश पिता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारली की त्यानं परत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मगच निघायचं, यात तुम्ही कधी तडजोड केली नाहीत. तोवर ओहोटी लागली, खाडीच्या तोंडाशी वाळू वर आली आणि होडी त्या दिवशी निघालीच नाही. मी म्हटलं, 'मी कुठं हाक मारली? फोन तर केला.' तुम्ही म्हणालात, 'हाक ती हाक. गळ्यातनं आली काय नि त्या डबड्यातनं आली काय.' खलाशी दिवसभर हसत होते आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

तेव्हापासून होडीचा दोर सुटला की घरातून फोन करायचा नाही, असं ठरलं. परत येताना खाडीच्या तोंडाशी आलात की तुम्हीच एक मिस्ड कॉल द्यायचा. तो उचलायचा नाही. आईनं भात चढवायचा, मी टोपल्या घेऊन खाली धावायचं. एकदा आईनं गडबडीत उचलला आणि 'कोण हाय?' विचारलं, तर घरी आल्यावर तुम्ही तिला म्हणालात, 'तुझा नवरा हाय. दुसरा कोण असणार?' त्या दिवशी आई लाजली होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमच्या मागे होडी माझ्या धाकट्या भावानं घेतली आणि होडीबरोबर नियमही घेतला. वर त्यानं स्वतःची अक्कल लावलीन. दोर सोडण्याआधी तो आपल्या फोनचे कॉल बायकोच्या फोनवर वळवून ठेवतो. म्हणजे मासळीवाल्यांचे फोन घरी येतात, त्याला मागून हाक पोचत नाही, आणि येताना मिस्ड कॉल मात्र देता येतो. बंदरावर आता बरेच जण तसंच करतात. एवढं डोकं शाळेत चालवलं असतंन तर, असं मी त्याला म्हणते, तो हसतो.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या सुटल्या होत्या. त्या दिवशी आकाश असं निवळ की बघत राहावं. मी भावजयीकडे बोंबील निवडत बसले होते. दुपार व्हायच्या आत माझ्या मोबाईलवर इशारा आला, वादळी वारा येतोय, होड्यांनी परत फिरावं. मी धाकट्याला फोन लावला. वाजला तो भावजयीच्या कमरेच्या पिशवीत. मेसेज टाकला, पण मेसेज म्हणजे रिचार्जची कटकट असं मानून तो ते उघडतच नाही. वळवलेले कॉल सरळ करायचे तर ते त्याच्याच फोनवरून करायला हवेत, आणि तो फोन होता समुद्रात.

त्याच्या शेजारीच नाटे गावची एक होडी जाळी टाकायला गेली होती. तिच्या तांडेलाचा, म्हणजे होडी हाकणाऱ्याचा, नंबर भावजयीकडे होता. ती देईना. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, 'वन्सं, मागसून हाक मारू नका. काय वायट झाला तर लोक माझ्याच कपाळी लावतील.' बाबा, तिचंही खोटं नव्हतं. आपल्याकडे होडीला काही झालं की आधी घरातली बाई शोधतात. मी म्हटलं, 'माझ्या कपाळी लाव. सगळ्यांना सांग, नणंदेनं हाक मारलीन.' आणि पिशवीतून फोन काढून घेतला.

नाट्याचा तांडेल भला माणूस. मी सांगितलं तशी त्यानं आपली होडी धाकट्याच्या होडीजवळ नेली, फोन स्पीकरवर टाकला आणि हात लांब करून धरला. मी आपल्या ओटीवरून धाकट्याचं नाव घेऊन ओरडले. शेजारच्या बायका बाहेर आल्या.

'कशाला गो मागसून बोलावतस?' तो चिडलेला.

'वारा येतोय. फिर मागं.'

'कसला वारा? पान हलत नाय.'

आता इशाऱ्याचं सांगत बसले तर हा ऐकणार नाही, हे मला कळलं. शेवटी तुमचाच मुलगा. मी म्हटलं, 'वारा राहू दे. मी तुला हाक मारली. ऐकलीस ना? मग घरी ये, पायरीवर बस, पाणी पी आणि खुशाल परत जा. बाबांचा नियम हाय.'

मग पलीकडे इंजिनाचा आवाज बदलला.

तो आला तो धुमसत. पायरीवर बसला. भावजयीनं पाणी दिलं. त्याचा तांब्या रिकामा व्हायच्या आधी माड वाकायला लागले. नाट्याच्या तांडेलाला जाळं कापून टाकावं लागलं, कशीबशी होडी आत घेतलीन. माणसं सगळी वाचली. दुसऱ्या दिवसापासून धाकट्यानं कॉल वळवणं बंद केलंन. भावजयीसमोर आमचं ठरलं, वाऱ्याचा इशारा असेल तरच मी फोन करायचा, एरवी नाही. बंदरावरच्या बायकांनाही मी तेच शिकवते आहे. दोघीचौघींच्या सासवा माझ्या नावानं बोटं मोडतात. मोडू देत. मी थांबणार नाही.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, धाकट्याला तर नाहीच. कारण आज वाऱ्याचा इशारा नव्हता, समुद्र तळ्यासारखा पडून होता, आणि तरी मी दुपारी त्याला फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. 'काय गो, वारा हाय? परत येऊ?' मी म्हटलं, 'नाय रे, चुकून लागला.'

चुकून लागला नव्हता, बाबा, तो आहे ना, एवढंच ऐकायचं होतं. तुम्ही पडवीत जाळं सांधता सांधता गेलात, त्या दिवशीही वारा नव्हता.