खिडकीतला पेटीवाला माणूस

प्रिय छोट्या,

पत्र बघून दचकला असशील. आपल्यात पत्र लिहायची पद्धत नाही. तू फोनवर ‘हं’ आणि ‘बघू’ करतोस, त्यावरून मी तुझी ख्यालीखुशाली ओळखते. पण या वेळी मला मधे कुणी तोडायला नको होतं. मावशी बरी आहे. खोकला गेला, तोंडाचा पट्टा शाबूत आहे. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि रविवारी जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून चित्रं काढते. म्हणजे तुझ्या भाषेत, रंग भरते.

तुझी मुलाखत मावशीनंच मला दाखवली, शेजारणीच्या फोनवर. त्यात तू म्हणतोस, की हे कॉमिक तुला एकट्याला सुचलं, तू एकट्यानं उभं केलं, आता त्याची मालिका होणार आणि ताई अधूनमधून रंग भरून मदत करते. मावशीनं ते दोनदा ऐकलं आणि मला विचारलं, की यात रंग आहेत कुठे? छोट्या, आपलं कॉमिक काळं-पांढरं आहे. निदान खोटं तरी नीट बोलायचंस!

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. चार वर्षं, दोनशे रविवार. बस डेपोतली हरवलेल्या सामानाची खिडकी आणि तिच्यामागे बसणारी मावशी, ही आपल्याच मावशीवरून मी काढली. तिचा नियमही मीच घातला, की वस्तू कितीही आपली म्हणा, न बघता एक खूण सांगितल्याशिवाय परत मिळणार नाही. चित्रं माझी, संवाद माझे. मी पात्रांच्या बोलण्याचे फुगे रिकामे ठेवून संवादांचा कागद जोडायचे, तू फुग्यांत अक्षरं बसवून भाग नेटवर टाकायचास. खातं तुझ्या नावावर, कारण पासवर्ड माझ्या डोक्यात राहत नाहीत. सही मी कधी केली नाही, कोपरा खराब दिसतो म्हणून. आयतं बीळ मीच खणून ठेवलं होतं. नागोबा येऊन बसला यात नवल ते काय.

त्या दिवशी तुला फोन लावायला घेतला होता. पण मग मला घड्याळाची गोष्ट आठवली. एकदा मी घाईत डेपोच्या घड्याळाला काटेच काढले नव्हते. कुण्या वाचकानं ते पकडलं, तर तू मला विचारलंस, कुठलं घड्याळ? मावशीच्या डोक्यावर पहिल्या भागापासून टांगलंय ते! तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता नीट उमगलं. तू फुगा मोठा करतोस, भरतोस, पुढच्या फुग्यावर जातोस. फुग्याच्या बाहेर तू कधी पाहिलेलंच नाहीस.

म्हणून मी मूग गिळून बसले आणि चित्रं पाठवत राहिले. पुढचे अकरा रविवार समोर मावशीचे नेहमीचे घोळ चालू होते, कुणाची छत्री, कुणाची कवळी. आणि तिच्या पाठीमागच्या भिंतीतल्या छोट्या खिडकीतून, एकाही फुग्याशिवाय, दुसरी गोष्ट चालली होती. टेबलाशी चित्रं काढणारी बाई. तिच्याशेजारी एक माणूस, तुझ्यासारखंच नाक असलेला. तो तिची चित्रांची पेटी उचलतो, पेटीवर आपलं नाव चिकटवतो, चौकात उभा राहून टाळ्या घेतो. तिसऱ्याच रविवारी वाचकांना कळलं. खाली अभिप्रायांत प्रत्येक जण लिहीत होता, खिडकीत बघा. तू फक्त आवडल्याचे बदाम मोजतोस, अभिप्राय वाचत नाहीस. अकरा वेळा तू आपल्या हातानं आपलीच चोरी जगाला दाखवलीस, आणि दर वेळी मी इतकी हसले की मावशीनं मला वेड लागलं ठरवलं.

पाचव्या रविवारी मात्र थांबणार होते. तू मावशीच्या औषधाची चौकशी केली होतीस आणि मी पेन्सिल खाली ठेवली. पण त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला, पुढचा भाग लवकर दे, माझे वाचक खोळंबलेत. माझे! पुन्हा पेन्सिल उचलली ती कायमची.

गेल्या रविवारी तो माणूस खिडकी सोडून मावशीसमोर आला. पेटीवर हात ठेवून म्हणाला, ही माझी. मावशी म्हणाली, खूण सांगा. तो फुगासुद्धा तूच भरलास रे, आणि तरी तुला काही कळलं नाही.

सोमवारी मालिका काढणाऱ्या कंपनीच्या बाईंनी मला फोन केला. खिडकीतला माणूस कोण, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं. पुरावा काय, म्हणाल्या, तर मी त्यांना मावशीचा नियम सांगितला. म्हणून आज तुला करारावर सहीसाठी बोलावलंय. फोन त्यांनी दारावरच जमा करून घेतला असेल, आणि हे पाकीट तिथल्या मुलीनं तू बाकावर बसल्यावर तुझ्या हातात दिलं असेल. आता हाक येईल. आत कोरा कागद असेल आणि तुला मावशी काढायला सांगतील, समोरून, दोन्ही हात टेबलावर ठेवलेली. चित्र कसंही येऊ दे, त्याला कुणी हसणार नाही. आपल्या मावशीसारखाच चित्रातल्या मावशीच्याही एका हाताला अंगठा नाही, एवढं तुला आठवत असेल. आई गेली त्याच वर्षी बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायच्या मशीनखाली तो गेला. त्या हाताची उरलेली चार बोटं धरून तू पहिलीपासून चौथीपर्यंत शाळेत गेलास, माझा हात तुला चालायचा नाही. कुठला हात होता, छोट्या? डावा की उजवा? आठव. पेन्सिलीला टोक करून ठेवायला मी सांगितलंय.

तुझीच,
रंग भरणारी ताई