अर्धा रस्ता एसटीचा

आई, मी गाडी घेतली. तू असतीस तर आधी दार उघडून आत डोकावली असतीस आणि म्हणाली असतीस, "अगं, ह्यात भाताचं पोतं कुठं ठिवायचं?" कुठंच नाही. दोन माणसं बसतात, तीसुद्धा जमिनीला टेकल्यासारखी, आणि डिकीत एक पिशवी ठेवली की दुसरीला जागा नाही. लाल आहे, जुनी आहे, पुण्यातल्या एका हौशी डॉक्टरांकडून घेतली. इंजिन सुरू केलं की उत्रोलीतली कुत्री अजून दचकून उठतात. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून ती सरळ जात नाही, पोट घासतं. तिरकी घालून एकेक चाक चढवावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू दारात येतात. "एवढी झ्याकपाक गाडी, अन् चालती खेकड्यावानी," म्हणाल्या परवा. एरवी मी सोडलं नसतं, चांगलं ऐकवलं असतं. पण गेल्या महिन्यापासून माझं कुणाशी भांडायला मनच होत नाही, इतकी मी खूश आहे.

काय झालं ते तुलाच सांगते. दुसऱ्या कुणाला सगळं सांगितलं तर फुशारकी वाटेल. ह्यांना सांगून झालं. त्यांनी पहिल्या वेळी कौतुकानं ऐकलं, दुसऱ्या वेळी मान डोलावली, आणि परत सुरू केलं तर उठून चहा टाकायला गेले. तर दक्षिणेत एक शर्यतीचा ट्रॅक आहे. तिथं कधीतरी शनिवार-रविवार हौशी लोकांना आपापली गाडी आणू देतात. शर्यत नाही, बक्षीस नाही. जमेल तेवढं जोरात गोल फिरायचं आणि निघालो तिथंच परत यायचं. तू विचारशील, मग एवढ्या लांब गेलीस कशाला मरायला? सांगते. शनिवारी शेजारी शिकवणारा बसतो, आणि तो हो म्हणाला तरच रविवारी एकटीला सोडतात. मला ते रविवारचं एकटीचं फिरणं हवं होतं. शिरवळच्या कंपनीत इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेल्या मालात खोट शोधते आहे. एकदा मला स्वतःला काय जमतं ते बघायचं होतं, कुणी शेजारी न बसता. एवढीच हौस, पण जीव टांगला होता तिच्यापायी.

दादांची नजर अधू झाली, तेव्हा पिकअप दारात उभी राहिली आणि डेअरीचं दूध अडलं. मग तू भात काढलेल्या खाचरात मामाकडून गाडी शिकलीस. बांधाला दोनदा धडकलीस, आणि पुढच्या आठवड्यात आपल्या पासलीचं दूध वेल्ह्याला घेऊन गेलीस. दादा शेजारच्या सीटवर ताठ बसायचे, समोर नजर लावून, जणू नवरा-बायको नव्हे, मालक ते आणि ड्रायव्हर तू. त्यांना तुझा किती अभिमान होता, ते त्या ताठ मानेवरून गावाला कळायचं. मी कॉलेजात असताना तू मला शिकवलंस, रिकामी भांडी घेऊन परत येताना. अर्धा रस्ता आपला, अर्धा एसटीचा, हा तुझा नियम. आणि वळण आलं की हॉर्न, मग पलीकडे कुणी असो नसो. एकदा मी खिंडीखालचं वळण हॉर्न न देता, सगळा रस्ता घेऊन मारलं. कुणी आलं नाही. मी खुशीत तुझ्याकडं बघते, तर तू म्हणतेस, "थांबव गाडी. उतर. मागं जा, आन् त्या वळनावर कडंला हुबी ऱ्हा." मी रागानं पाय आपटत चालत गेले. उभी राहते, ऊन डोक्यावर, पोटात कावळे ओरडताहेत, आणि तुझ्यावर असा संताप येतोय म्हणून सांगू. थोड्या वेळानं वळणापलीकडून हॉर्न आला आणि मागोमाग एसटी आली, रस्ता भरून. मी झुडपात अंग चोरलं. परत आले तर तू शांतपणे म्हणालीस, "तवा कुनी न्हवतं, आता हाय. वळनापल्याड कुनीतरी हायच, असं समजून चालवायचं. नसलं तर नसू दे, आपलं काय जातंय?" मला वाटलं, आता काही आपल्या हातात गाडी देत नाही ही. पण तू आपली शेजारच्या सीटवरच बसून राहिलीस आणि म्हणालीस, चल, घे.

तर शनिवारी ट्रॅकवर मी. सगळीकडे तरणी पोरं, बूट आणि हेल्मेट एका रंगाचे, आणि त्यांच्यात मी, अंबाड्यावर हेल्मेट बसेना म्हणून केस सोडून वेणी घालत बसलेली. शिकवणारे गृहस्थ कोल्हापूरकडचे निघाले, पिकल्या मिशांचे. बरं वाटलं, निदान बोलता तरी येईल. निघालो. पहिलंच वळण असं की पलीकडचं काही दिसत नाही, आणि माझा हात आपसूक हॉर्नवर गेला. "कोण आडवं आलं?" म्हणून ते दचकले. कुणी नाही, म्हणाले मी. पुढच्या वळणावर परत हॉर्न. "काय ओ ताई, हॉर्न का मारतायसा?" मी म्हणाले, "वळण आहे ना." "आनि ह्या डाव्या कडंला का चिकटलाय? सगळा रस्ता आपलाच हाय की." मी विचारलं, "पण समोरून कुणी आलं तर?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "कोण येनार?" आणि आई, माझ्या तोंडून निघून गेलं, "एसटी."

मग काळा झेंडा दाखवून मला आत बोलावलं. ट्रॅक सोडून या, असा त्याचा अर्थ. हॉर्न वाजला की मागच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं, कुणीतरी भलतीकडे ब्रेक मारतो, म्हणाले. एका पोरानं उभ्या गाडीचा हॉर्न पोंपों वाजवून दाखवला आणि बाकीचे खिदळले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझे कोल्हापूरकर हसले नाहीत, पण स्पष्ट बोलले, "ताई, उद्या सकाळी असंच झालं तर मी हो म्हननार न्हाई. तुमी जोरात चालवा न चालवा, पन अर्धा रस्ता सोडून आनि हॉर्न मारत एकटीला सोडता येत न्हाई." कुणीतरी सुचवलं, हॉर्नचा फ्यूज काढून टाका, मिटलं. मी सरळ नाही म्हणाले. हात माझा आहे, तो मीच आवरीन. फ्यूज काढून एकटीनं फिरायला मिळालं असतं, तर घरी येऊन मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं असतं? आणि खरं सांगते, त्या फ्यूजवाल्याचा मला पोंपोंवाल्यापेक्षा जास्त राग आला.

रविवारी सकाळी मी त्यांना म्हणाले, मला त्या वळणावर उभं राहू द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. झेंडेवाल्याच्या चौथऱ्यावर, कठड्यामागं मला नेऊन उभं केलं. गाड्या येतात, वळतात, जातात. सगळ्या एकाच बाजूनं. मी दुसरीकडं बघत राहिले, जिथून एसटी यायची तिकडं. कुणी येत नाही. परत बघते, कुणी नाही. बैलगाडी नाही, गुरं नाहीत, डोक्यावर भारा घेतलेली बाई नाही. आई, जगात असाही एक रस्ता आहे, की ज्याच्या वळणापलीकडे कुणीही नाही आणि सगळाच्या सगळा आपला. मला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. तुला असा रस्ता एक दिवस तरी मिळायला हवा होता. जन्मभर अर्ध्यावर चालवलंस. तिथून हलले तेव्हा मला ते पटलेलं होतं, डोक्याला नव्हे, हाताला.

मग ते शेजारी बसले आणि आम्ही निघालो. पहिल्या वळणाला हात उचलला गेला, पण मी तो परत स्टीअरिंगवर घट्ट धरला. दुसऱ्या वळणाला उचललाच गेला नाही. डावी कड सोडली, उजवीकडं गेले, आतल्या कडेला चाक टेकवलं आणि परत बाहेर, सगळा रस्ता घेऊन. त्यांनी हात छातीशी बांधले. मला वाटलं, गेलं, काहीतरी चुकलं. आत आल्यावर हेल्मेट काढत म्हणाले, "गाडी कुठं शिकला ओ?" पासलीच्या रस्त्यावर, म्हणाले. "कोनाकडं?" "आईकडं. पिकअपमधनं दूध न्यायची डेअरीला." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग काल घाबरला कशाला एवढ्या?" आणि दार उघडून उतरले. "जावा. आता मी काय करू हितं बसून?"

गेले. पोंपोंवाला पोरगा माझ्या पुढं होता. थोड्या वेळानं त्यानंच हात बाहेर काढून मला पुढं जायची खूण केली, आणि मी गेले. सगळ्यात जोरात मी नव्हते, हे सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील थापा मारते. माझ्यापेक्षा कितीतरी पुढं गेलेले होते. पण सरळ रस्त्यावर इंजिन गरजतंय, पुढचं वळण अंगावर येतंय, आणि मी ब्रेक कुठं मारायचा ते माझं मी ठरवतेय, त्याला तोड नाही. परत आले तेव्हा पोरं टाळ्या वाजवत होती. त्यातल्या एकानं विचारलं, आंटी, परत कधी येणार? आंटी म्हणाला, तरी मी हसले.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही. घडी घालून कपाटात ठेवीन. पण एक कबूल करायचं आहे. लोकांना मी सांगते की एकटी फिरताना आई माझ्या शेजारी बसली होती असं वाटत होतं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. तुला खरं सांगते, शेजारची सीट रिकामी होती. तेवढा वेळ तू मला एकदाही आठवली नाहीस. गाडी उभी करून पट्टा सोडला तेव्हा पहिल्यांदा आठवलीस, आणि आई, मी इतकी खुशीत होते, की मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.