छपाईची चूक

९ सप्टेंबर, बुधवार. सकाळ.
बायको भावाकडे निघून गेली त्याला महिना होत आला. कारण काय, तर म्हणे मी कुणाचं ऐकून घेत नाही. हे ती सांगत असतानासुद्धा मी तिची वाक्यं दुरुस्त करत होतो, इतकं माझं लक्ष होतं.
निर्धार: रोजची शास्त्रवाचनं वाचायची, शांत बसायचं, चिंतन लिहून तिला पाठवायचं. कपाटात चर्चची पुस्तिका सापडली. तारखेप्रमाणे वाचनं छापलीयत, पण आजच्या तारखेला मंगळवार. छपाईची चूक. फादरांना सांगायला हवं.

१० सप्टेंबर.
आज: राग आणि शिवीगाळ सोडा. तिला पाठवलं. खाली लिहिलं, तुला लागू पडतं. तिने वाचलं.

११ सप्टेंबर.
शांत बसणं जमत नाही. घर खायला उठतं. तिच्या चपला दाराशी तशाच आहेत, हलवायचा धीर होत नाही.

१२ सप्टेंबर.
शुभवर्तमानात कुसळ आणि मुसळ. तिला लिहिलं, तुझ्या डोळ्यातल्या मुसळाचं मी मनावर घेत नाही. लगेच मेव्हण्याचा फोन. म्हणाला, दाजी, कृपा करा, हे थांबवा. पण ती उद्या चर्चला, रविवारच्या मिस्साला येणार आहे, असंही म्हणाला.
फादरांच्या हातापाया पडून उद्या सगळ्यांसमोर पहिलं वाचन करायचं काम मागून घेतलं. मेव्हण्याला कळवलं. पुस्तिकेत उद्यासाठी: पाप्यांमध्ये मी पहिला. आरशासमोर सराव केला. आवाज थरथरला पाहिजे. थरथरला. देवा, ती परत येऊ दे, दुसरं काही मागत नाही.

१३ सप्टेंबर, रविवार. दुपार.
वेदीजवळचा ग्रंथ भलत्याच पानावर उघडलेला. शेजाऱ्याला क्षमा कर, वगैरे. कुणाचा तरी हलगर्जीपणा. मी प्रसंगावधान राखून खिशातली पुस्तिका काढली आणि माझं वाचन वाचलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. भारावले असणार. फादरांचं प्रवचन मात्र सगळं क्षमेवर. त्यांनीही तारीख पाहिली नसावी.
बाहेर ती स्वतःहून जवळ आली. म्हणाली, पुस्तिका गेल्या वर्षीची आहे, या वर्षीची तिच्याकडे. आजचं वाचन तिने कालच बघितलं होतं. ते क्षमेचं वाचन माझ्या तोंडून ऐकायचं आणि गाडीतली बॅग घरी आणायची, असं ठरवून आली होती.
मी म्हटलं, बॅग नाही, सूटकेस.
बोलून गेलो. ती गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळ.
मेव्हणा आला. या वर्षीची पुस्तिका दिली, तिच्या चपला उचलल्या आणि गेला.
या पुस्तिकेत वार बरोबर आहे.