उद्या पोचणारा आवाज

प्रिय शंकासुर,

इतकी मोठी दिग्दर्शिका झाली पोरगी, आता तरी तिला नावानं हाक मार, असं तुझी आई मला बजावत असते. ताईचं मी आजवर कधी ऐकलंय, की आता ऐकू? ज्या मुलीनं चौथ्या वर्षी मला विचारलं होतं की आरसा अंधारात काय करतो, तिला मी दुसरं काय म्हणणार! तर शंकासुर, तुझी पटकथा मिळाली. संमतीचा कागदही मिळाला. माझी गोष्ट तुला पडद्यावर आणायची आहे, शेवट बदलून आणायची आहे, आणि त्यावर माझी सही तुला शुक्रवारच्या आत हवी आहे. फोनवर फोन करते आहेस आणि दर वेळी काका उचलून ‘मावशी कामात आहे’ म्हणतात, म्हणून तू चिडलीही असशील. काकांना धड खोटं बोलता येत नाही. मी रुसून बसले आहे असं मात्र समजू नकोस. रागावले आहे थोडी, पण पटकथेवर. तुझ्यावर नाही.

पटकथा मला काकांनी वाचून दाखवली. जेवणाच्या टेबलाशी बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, अगदी रंगात येऊन. जिथे जिथे ‘धडाम्’ लिहिलं होतंस तिथे तिथे ते धडाम् म्हणाले. शेवटच्या भागात तर इतके धडाम् होते की वरच्या मजल्यावरची बाई काय पडलं ते विचारायला खाली आली. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवले आणि म्हणाले, छान आहे, पण ही तुझी गोष्ट कुठून सुरू होते?

खरंच कुठून होते ग? माझ्या गोष्टीत एका गावात एके सकाळपासून माणसांचा आवाज एक दिवस उशिरा ऐकू यायला लागतो. आज स्वयंपाकघरात बोललेलं उद्या त्याच वेळी, त्याच स्वयंपाकघरात ऐकू येतं. बस्स. बाकी जग होतं तसंच. हे का होतं ते मी सांगितलं नव्हतं, कारण मला ठाऊक नव्हतं आणि गावालाही नव्हतं. लोक आधी घाबरतात, मग पाटी-खडू घेऊन फिरतात, हातवारे करतात, आणि हळूहळू राहायला लागतात. तोंडाची सवय मात्र जात नाही, बोलायचे ते बोलतातच. भांडणाची तर पंचाईतच होते. आज ताडताड बोललेलं उद्या ऐकू येणार, तोवर राग गेलेला, आणि दोघांना शेजारी बसून ते मुकाट्यानं ऐकावं लागणार. शेवटी एक बाई भर दुपारी अचानक जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. काल याच वेळी तो कामाला निघाला होता, ती ओट्याशी पाठमोरी होती आणि तिची मान हलली होती, म्हणजे काहीतरी म्हणाली होती. तो वाट बघतो. आवाज येतो, ‘अहो, छत्री घ्या. आभाळ आलंय.’ बाहेर लख्ख ऊन. तो खुंटीवरची छत्री घेतो, उघडतो आणि रस्त्यानं चालू लागतो. त्याला कोणी काही विचारत नाही, कारण गावात सगळ्यांना कळतं. एवढीच गोष्ट.

तुझ्या पटकथेत डोंगरावर शत्रूचं यंत्र आहे, ते आवाज अडवतं. नवरा तिशीतला आहे आणि फौजेतून आला आहे. बायको मरत नाही, तिला पळवतात. तो यंत्र उडवतो, अडकलेले सगळे आवाज एकदम सुटतात आणि त्या दणक्यानं शत्रूची विमानं खाली पडतात. छत्री आहे हो, नाही असं नाही. तिच्या दांड्यात बंदूक आहे.

तुझे निर्माते म्हणतात की आजचा प्रेक्षक थांबत नाही. हा आजचा प्रेक्षक असतो तरी कसा, ते बघायला आम्ही दोघं मध्ये एक विज्ञानपट बघून आलो. पोस्टरवर तसं लिहिलं होतं म्हणून विज्ञानपट म्हणायचं. खुर्च्या आपोआप हलत होत्या. पहिल्या काही मिनिटांतच पृथ्वीचे दोन तुकडे झाले आणि काका झोपले. इतक्या गोंगाटात माणूस झोपू शकतो हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर! मी आपली कानांवर हात ठेवून बसले होते. अर्धी पृथ्वी गेली ग, आणि पडद्यावरचं एकही माणूस कोणासाठी रडलं नाही. आमच्या मागच्या रांगेत एक लहान मुलगी होती. तिनं बापाला विचारलं, त्या अर्ध्यात कोण राहत होतं? तो म्हणाला, श्श, पुढे बघ. मला वाटलं मागे वळावं आणि त्या पोरीला कडेवर घ्यावं. तुझ्या निर्मात्यांना सांग, आजचा प्रेक्षक तो आहे. सव्वातीन फूट उंच आहे, आणि त्याला सगळे श्श करताहेत.

आता तू म्हणशील, म्हातारीचं जुनं ते सोनं सुरू झालं. नाही हं. आमच्या वेळी कचरा काय कमी होता? डोक्यावर पातेलं घातलेले हिरवे परग्रहवासी होते. यान उडायचं तेव्हा वरची दोरी दिसायची. पण मासिकात एक संपादक बाई होत्या. तुला आठवत असतील, जाड भिंगांचा चष्मा, तुला नेहमी पेपरमिंट द्यायच्या. गोष्ट नेऊन दिली की परत यायची ती कडेला दोनच शब्द लिहून: मग काय? यंत्र बिघडलं, मग काय? माणूस अदृश्य झाला, मग काय? त्याच्या आईनं ताट कुठे वाढायचं? माझी ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा परत पाठवली की मी एकदा जिन्यात उभी राहून त्यांना शिव्या घातल्या होत्या. पुढे मासिक बंद पडलं. बाईही गेल्या. मागच्या वेळी तू वैतागून म्हणालीस ना, की मावशी, मी वर्षभर गोष्टी वाचते आहे, सगळीकडे एक यंत्र बिघडतं आणि माणसं पळतात, घेण्यासारखं आहेच काय? तू खोटं बोलत नव्हतीस. लिहिणारे आहेत, हुशार आहेत, पण ‘मग काय’ विचारणारं कोणी उरलं नाही, आणि हा प्रश्न स्वतःच्या गोष्टीला विचारायचा म्हणजे फार जिवावर येतं. बाईंच्या मागे मीही दुसरी धड गोष्ट लिहू शकले नाही.

पण तुला तर तो प्रश्न बाळकडूसारखा पाजलेला होता! सुट्टीत आमच्याकडे यायचीस तेव्हा रोज जेवताना ‘एकच’ खेळायचो, विसरलीस? जगातली एकच गोष्ट बदलायची आणि जेवण होईपर्यंत त्या जगात राहायचं. तू एकदा सावलीला वजन देऊन टाकलंस. मग काकांनी हळूच दिवा सरकवला, स्वतःची सावली भांड्यांच्या ढिगावर पाडली आणि म्हणाले, अरेरे, आता ही काही मला उचलत नाहीत. भांडी त्या दिवशी मी घासली. तू हसून हसून पाणी नाकात घालवलंस. दुसऱ्या दिवशी तुला सावलीला वजनही हवं होतं आणि माणसाला पंखही हवे होते. आम्ही ओरडलो, एकच! तू ताटावरून उठलीस, कोपऱ्यात जाऊन बसलीस, आणि थोड्या वेळानं परत येऊन रडक्या आवाजात म्हणालीस, बरं, पंख नकोत. त्या दिवशी मी ताईला म्हटलं होतं, ही गोष्टी सांगणार. आता या पटकथेत तू यंत्र घेतलंस, शत्रू घेतलास, फौज घेतलीस, विमानं घेतलीस. पंख तेवढे राहिले.

ही गोष्ट मला सुचली कुठे, ते मी तुला कधी सांगितलं नाही. मी जन्मभर लोकांचे कान तपासले. माझी खोली तू पाहिली आहेस, भिंतींना गादी लावलेली, आत गेलं की स्वतःचा श्वास ऐकू येणारी. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचे, मी काचेबाहेरून बारीक शिट्टी सोडायची. ऐकू आली की त्यानं हातातलं बटण दाबायचं, की माझ्याकडे दिवा लागतो. एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. शिट्टी थांबून गेली की मग दिवा लागायचा. दर वेळी. मला वाटलं, आजोबांना कळत नाहीये. आत जाऊन मोठ्यानं समजावलं. ते म्हणाले, ओरडू नका हो बाई, सगळं ऐकू येतंय. पण खरंच आवाज आला की मला नुसतं वाटलं, याची खात्री करून घेतो आणि मग दाबतो. बायको जाऊन थोडेच दिवस झाले होते त्यांना. मी बाहेर येऊन बसले आणि पुढची शिट्टी सोडायला माझा हातच उठेना. ऐकणं आणि त्यावर विश्वास बसणं यांच्या मधली ती जागा, माझी गोष्ट तिथे घडते. तुझ्या पटकथेत तेवढी जागाच नाही, बाळा. तिथे धडाम् आहे.

सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस की शेवट तुलाही आवडायचा, पण ‘उन्हात छत्री उघडून चाललेला माणूस लोकांना कळणार नाही’ असं सगळ्यांचं मत पडलं. सगळ्यांचं पडलं असेल. तुझं काय पडलं, ते तू लिहिलं नाहीस. मी ते तीनतीनदा शोधलं.

आता फोनचं सांगते. माझा आवाज बसला होता ते तुला ठाऊक आहे, सर्दी म्हणून मी ते अंगावर काढलं. सर्दी नाही, गाठ आहे, वाईट आहे. येत्या बुधवारी माझं स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल असं डॉक्टर खात्रीनं सांगतात, आवाज राहणार नाही. तोवर बोलायला बंदी, म्हणून काका कामात असल्याच्या थापा मारताहेत. हे तुला त्यांच्या तोंडून कळायला नको होतं, आणि ताईच्या तोंडून तर नकोच, ती आधी रडेल आणि मग सांगेल. मला भीती वाटते. मरणाची नाही फारशी, पण आतल्या खोलीतून कोणाला हाक मारता येणार नाही याची वाटते. काका म्हणाले, चला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच शेवटचा शब्द माझा असेल. म्हणाले, आणि स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेतली.

डॉक्टरांच्या मागे लागून मी एका वाक्याची परवानगी मिळवली. काल सकाळी आम्ही माझ्या जुन्या खोलीत गेलो. माझ्या जागी आता जी मुलगी आहे तिनं माइक लावून रेकॉर्डिंग सुरू करून दिलं. या वेळी मी आत, आणि काका काचेबाहेर हेडफोन घालून. गंमत म्हणून मी त्यांच्या हातात ते बटण दिलं होतं. मी म्हटलं, अहो, छत्री घ्या, आभाळ आलंय. चांगलं गोड आवाजात म्हटलं. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, ‘ही बाई कोण?’ मग मी रोजच्यासारखं म्हटलं, थोडं करवादून, लक्ष भलतीकडे ठेवून. काका हलले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही, आणि आता पुन्हा म्हणायला घसा चालणार नाही. मग दिवा लागला.

तो आवाज सोबत पाठवते आहे. घोगरा आहे, पण माझा आहे. कागदावर सहीही केली आहे आणि एकही अट घातलेली नाही. अटीवर केलेलं काम मला काय करायचंय? यंत्र उडवायचं तर खुशाल उडव. मी खरं तर कालच लिहून मोकळी होणार होते, पण आज सकाळी जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय पाकीट बंद करवेना. आज बाहेर लख्ख ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नाही. काल खोलीत बसलो होतो त्याच सुमाराला काका पाव आणायला निघाले. दारात थांबले, खुंटीवरची छत्री काढली, माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरले आणि रस्त्यावर जाऊन ती उघडली. मी खिडकीशी उभी होते. ते मधोमध चालले होते, अगदी ताठ. समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. कोपऱ्यावरच्या पाववाल्यानं त्यांना पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं, आणि काही न विचारता बाहेर येऊन दार उघडून धरलं, छत्री अडकू नये म्हणून. त्यानं माझी गोष्ट वाचलेली नाही ग. त्या रस्त्यावर कोणीच वाचलेली नाही.

तुझीच, यापुढे नुसती ऐकणारी,
मावशी